टेपची डेन्सिटी, फ्लॉपीची डेन्सिटी: नाव एक, भानगडी दोन

गेल्या महिन्यात कोपरीचे एक काका माझ्या नौपाड्यातल्या टेबलावर साडेतीन इंची फ्लॉप्यांचा डबा आणि टेपचं एक मोठं रीळ ठेवून गेले. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या ईडीपी, म्हणजे कंप्युटरच्या, खात्यात नोकरी झालेली. फ्लॉपी घातली की विंडोज म्हणतं, डिस्क फॉरमॅट झालेली नाही, करू का? काकांनी 'हो' दाबलं नाही, हे नशीब. "डेन्सिटी चुकली असेल," ते म्हणाले, "बदलून बघ. टेपचीही तशीच बदल."

फ्लॉपीबाबत त्यांचा अंदाज बरोबर निघाला. टेपबाबत मात्र नाही.

डेन्सिटी म्हणजे मजकूर किती दाटीनं लिहिलाय ते. टेपची डेन्सिटी म्हणजे हस्ताक्षर. कागद तोच, अक्षर बारीक काढायचं की मोठं ते लिहिणाऱ्यानं ठरवायचं. अर्ध्या इंचाच्या नऊ ट्रॅकच्या (म्हणजे नऊ समांतर ओळींच्या) टेपवर 800, 1600 आणि 6250 बीपीआय (एका ट्रॅकवर इंचाला किती बिट) ही नेहमीची मापं. व्हीएमएस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर टेप तयार करणाऱ्या 'इनिशिअलाइझ' कमांडला '/डेन्सिटी=1600' जोडलं की काही सेकंदांत काम उरकायचं, कारण टेपवर फ्लॉपीसारखे सेक्टर (ट्रॅकचे ठरावीक मापाचे तुकडे) आखायचेच नसतात. सुरुवातीच्या चकचकीत पट्टीपाशी डेन्सिटीची खूण आणि 80 बाइटचं लेबल लिहिलं की संपलं. वाचताना ड्राइव्ह ती खूण बघून माप ओळखतो. मधेच माप बदलता येत नाही. 1600च्या टेपला शेवटी 6250ची पुरवणी जोडता येत नाही. बदलायचं तर पहिल्या इंचापासून, म्हणजे जुन्या मजकुरावर पाणी सोडून. काकांच्या रिळाच्या डब्यावर 6250 छापलंय, पण ती फक्त टेप कुठवर तपासलीय त्याची हद्द. आत 1600 असू शकतं, आणि त्यात काही बिघडत नाही.

फ्लॉपीत प्रश्न कागदाचाच आहे. टिपकागदावर बारीक अक्षर काढायला जा, शाई फुटते. सव्वापाच इंची 360 केबीच्या फ्लॉपीचा चुंबकीय लेप साधारण 300 ओर्स्टेडचा (ठसा उमटवायला लागणाऱ्या चुंबकीय जोराचं माप), 1.2 एमबीवालीचा 600चा. म्हणजे दुसरीवर ठसा उमटवायला जोर जास्त लागतो. स्वस्तातली 360वाली 1.2ला फॉरमॅट केली की बॅड सेक्टरची रांग लागायची. उलट केलं तर ठसा कच्चा राहायचा. त्या आकारात ड्राइव्हला फरक कळावा अशी खूणच नव्हती, सगळी मदार कमांड देणाऱ्यावर.

साडेतीन इंचीत ती खूण आली: एचडी (हाय डेन्सिटी) फ्लॉपीला एका कोपऱ्यात जास्तीचं भोक. 80 ट्रॅक, 2 बाजू, दर ट्रॅकला 9 सेक्टर, सेक्टरला 512 बाइट असं गुणलं की 720 केबी. 18 सेक्टर केले की 1440 केबी, ज्याला आपण 1.44 एमबी म्हणत आलो. (हे 1.44 एकदा 1000नं आणि एकदा 1024नं भागून आलंय. असला हिशोब वाण्याकडे चालला नसता.) दोन्ही लेपांतला फरक इथे थोडाच. म्हणून लोक 720वाल्या फ्लॉपीला ड्रिलनं भोक पाडून 1.44 करायचे. त्या दिवशी चालायची. पुढे भरवसा नाही.

काकांच्या फ्लॉप्यांत उलटं झालं होतं. फ्लॉप्या एचडी, पण ऑफिसातल्या जुन्या मशीनच्या ड्राइव्हला भोक ओळखायची सोयच नव्हती, म्हणून त्यानं मुकाट 720ला फॉरमॅट केल्या. आजचा ड्राइव्ह भोक बघतो, 18 सेक्टर शोधतो आणि डिस्क कोरी आहे म्हणून मोकळा होतो. भोकावर सेलोटेप लावली. बारापैकी नऊ उघडल्या.

बीपीआयच्या आकड्यांनीही फसायला होतं. एचडी फ्लॉपीच्या सगळ्यात आतल्या ट्रॅकवर 17,434 बीपीआय असतं. मग इंचभर लांबीत तिच्यावर 6250च्या टेपपेक्षा जास्त मजकूर? नाही. टेपवर नऊ ट्रॅक शेजारी-शेजारी, आठ बिट आणि चूक पकडायला एक जादा पॅरिटी बिट, त्यामुळे तिथला 6250 म्हणजे इंचाला 6250 बाइट. फ्लॉपीवर बिट एकामागे एक. आठानं भागा, 2200 बाइटही भरत नाहीत.

आणि टेपवर नुसती डेन्सिटी वाढवून भागत नाही. 1600ला दर ब्लॉकनंतर (एका दमात लिहिलेल्या तुकड्यानंतर) 0.6 इंच जागा रिकामी सुटते. 80 बाइटचे सुटे रेकॉर्ड लिहिले तर मजकूर 0.05 इंच आणि मोकळी जागा त्याच्या बारापट. 2400 फुटांच्या रिळावर जेमतेम साडेतीन एमबी. तेच 8192 बाइटचे ब्लॉक केले तर 41 एमबी.

हे सगळं पुराणकाळातलं समजू नका. महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये एलटीओ (बॅकअपसाठीच्या आजच्या) टेप हाताळणाऱ्यांपुढे हाच घोळ नव्या वेषात येतो. एलटीओ-7ची कोरी कार्ट्रिज 6 टीबीची. तीच एलटीओ-8 ड्राइव्हमध्ये 'एम8' म्हणून इनिशिअलाइझ केली तर 9 टीबी. मात्र ती पुन्हा एलटीओ-7 ड्राइव्हमध्ये वाचता येत नाही.

काकांचं रीळ अजून माझ्याकडेच आहे. त्याला ना भोक, ना सेलोटेपचा उपयोग. त्याचं माप वाचणारा चालू ड्राइव्ह सापडला तरच पुढची गोष्ट.