केबल्स चार, वेग एकाच केबलचा: पोर्ट ट्रंकिंगच्या एका नियमाची पार्श्वभूमी

संभाजीनगर, नांदेड, लातूरकडच्या कॉलेजांच्या लॅबमध्ये क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या संगणकांचा समूह) उभा करताना हमखास निघणारी तक्रार अशी: एक गिगाबिटचे चार पोर्ट ट्रंकमध्ये, म्हणजे एका गटात, बांधले, स्विचवर गट चालू दिसतो, तरी दोन नोडमधली (क्लस्टरमधल्या दोन संगणकांमधली) मोठी फाइल एका गिगाबिटच्या वर जात नाही. बहुतेक वेळा सेटिंग बरोबरच असते. अडचण २००० साली ठरलेल्या नियमात आहे.

त्याआधी स्विच बनवणाऱ्या कंपन्या आपापल्या पद्धतीने पोर्ट एकत्र बांधत होत्या. १९९४ मध्ये अमेरिकेत ४८६ जातीच्या १६ यंत्रांचा बेओवुल्फ क्लस्टर झाला. त्या प्रोसेसरांना १० मेगाबिटचे एक इथरनेट पुरेना, म्हणून समांतर जोडण्या देऊन फ्रेम (डेटाचे तुकडे) त्यांच्यावर वाटून दिल्या. लिनक्समधले बाँडिंग, म्हणजे पोर्ट एकत्र बांधण्याची सोय, याच कामातून आले. (१९९८ च्या ८०२.१क्यू मानकाप्रमाणे एका केबलवरून अनेक व्हीलॅन, म्हणजे आभासी वेगळी नेटवर्क, नेण्यालाही काही स्विचवर ट्रंकच म्हणतात. इथे विषय पोर्टांच्या गटाचा आहे.)

२००० च्या ८०२.३एडी या मानकाने एलएसीपी हा गट जुळवण्याचा प्रोटोकॉल दिला. दोन्ही टोके एकमेकांना ओळखून मगच गट बांधू लागली. त्यातच अट आली की एका संवादातल्या फ्रेमचा क्रम बिघडता कामा नये. फ्रेमवर अनुक्रमांक घालून पलीकडे त्या पुन्हा लावता आल्या असत्या, पण तो मार्ग घेतला नाही. एक संवाद अख्खा एकाच केबलवर ठेवायचा, असे ठरले. केबल कशी निवडायची हे मानकाने मोकळे ठेवले; सहसा पत्त्यांचा हॅश, म्हणजे त्यांच्यावरून गणिताने निघणारा एक आकडा, काढून ती निवडतात. त्यामुळे दोन नोडमधल्या एका टीसीपी (डेटा क्रमाने आणि खात्रीने पोचवणारा प्रोटोकॉल) जोडणीला बाकीच्या तीन केबल्स मिळतच नाहीत.

क्लस्टरवाल्यांना हा अन्याय वाटतो, आणि त्यांचे दुःख खरे आहे. तरी माझ्या मते निर्णय योग्यच होता. पॅकेट मागेपुढे पोचली की टीसीपीला ती हरवल्यासारखी वाटतात. मग ते पुन्हा पाठवते आणि वेग कमी करते. लिनक्सचा पाळीपाळीने फ्रेम सोडणारा मोड आजही आहे, पण मध्ये एकच स्विच असेल तर तो स्विच पलीकडच्या नोडकडे जाताना आपला हॅश लावतो आणि सारे परत एका केबलवर येते. दोष द्यायचा तर ‘चार पोर्ट म्हणजे चार गिगाबिट’ असे सांगून माल विकण्याला द्यावा.

हॅश कशाचा काढायचा हे मात्र आपल्या हातात आहे. लिनक्समध्ये मुळात तो मॅक पत्त्यांवरून, म्हणजे नेटवर्क कार्डांच्या पत्त्यांवरून, निघतो. आयपी पत्ते आणि टीसीपीचे पोर्ट क्रमांक धरले तर त्याच दोन नोडमधल्या अनेक जोडण्या वेगवेगळ्या केबल्सवर पडू शकतात. नोड फक्त आपल्याकडून जाणाऱ्या फ्रेमचे ठरवतो, येणाऱ्यांचे स्विच. म्हणून सेटिंग दोन्हीकडे बदलावे लागते.

२००८ मध्ये हे सारे ८०२.१एएक्स या मानकात गेले, क्रमाची अट तशीच राहिली. १० गिगाबिट आवाक्यात आल्यावर गट बांधण्याचा भर वेगापेक्षा केबल किंवा स्विच बंद पडला तरी काम चालू राहण्यावर गेला. दोन स्विचमध्ये एक गट विभागण्याची रीत २०१४ च्या आवृत्तीत आली, तरी कंपन्यांच्या स्वतःच्या पद्धती अजून चालतात. गिगाबिट स्विचवरच भागवणाऱ्या लॅबने चार पोर्टांचा गट स्टोरेज नोडला द्यावा. तिथे एकाच वेळी अनेक नोड वाचत असतात, आणि चारही केबल्सना काम मिळते.