डाऊन सिंड्रोम आणि हृदयशस्त्रक्रिया : एक जुना गैरसमज

‘तसलं लेकरू, त्यात काळजाला भोक, ऑपरेशन करून कशाला हाल करायचे?’ कोल्हापुरात पेठांपासून गगनबावड्याच्या वाड्यांपर्यंत ऐकू येणारा हा सल्ला मायेपोटी दिला जात असला, तरी चुकीचा आहे. डाऊन सिंड्रोम (२१ क्रमांकाचे गुणसूत्र जादा असण्याची जन्मजात स्थिती) असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांना जन्मजात हृदयदोष असतो, हे खरे. परंतु अमेरिकेत १९८३ च्या सुमारास २५ वर्षे असलेले त्यांचे सरासरी आयुर्मान आज ६० च्या आसपास पोहोचले आहे, आणि वेळेवरची हृदयशस्त्रक्रिया हे त्याचे एक मोठे कारण आहे.

यात ‘वेळेवर’ हा शब्द महत्त्वाचा. मोठ्या छिद्रातून जादा रक्त फुप्फुसांकडे जात राहिले की तेथील रक्तवाहिन्या जाड होतात. या मुलांत हे लवकर घडते, आणि ओठ-नखे कायमची निळसर पडल्यावर छिद्र बुजवणेच धोक्याचे ठरते. म्हणूनच दूध ओढताना कपाळावर घाम येणे, मध्येच दमून थांबणे याला नुसता अशक्तपणा समजू नये. किंबहुना लक्षणे नसली तरी जन्मानंतर लवकरच इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा.

१३ किंवा १८ क्रमांकाचे गुणसूत्र जादा असलेल्या बाळांतील मृत्युप्रमाण मात्र अजूनही फार आहे. तो निकष डाऊन सिंड्रोमला लावला जातो, तिथेच गफलत होते.