नवा ड्रम ब्रेक लागत नाही, कारण तो अजून बसलेला नाही

मृगाचा पाऊस पडला की परभणी-जिंतूरकडच्या काळ्या रानातून सायकल काढणं अवघड होतं. चिखल चाकाला चिकटतो, चिमट्यात गच्च भरतो आणि ब्रेकचं रबर रिमवरून नुसतं घसरतं. म्हणून मी पुढच्या चाकाला ड्रम ब्रेकचा हब (चाकाचा मधला भाग) बसवून घेतला. त्यात घासणारं सगळं झाकणाच्या आत असतं. पहिल्या दिवशी मात्र मूठ आवळूनही सायकल पुढे जातच राहिली. मिस्त्री म्हणाले, "केबल ताणून देतो." मी नको म्हटलं. दोष केबलचा नव्हता; आतले भाग अजून एकमेकांवर घासून बसायचे होते.

हबच्या आत अर्धगोल आकाराचे दोन शू असतात आणि त्यांवर लायनर, म्हणजे घासणारं अस्तर, असतं. केबल ओढली की कॅम (शू फाकवणारा लहान तुकडा) फिरतो, शू फाकतात आणि फिरत्या ड्रमला, म्हणजे हबच्या गोल कवचाला, आतून घासतात. या ब्रेकचं पेटंट लुई रेनो यांनी १९०२ मध्ये घेतलं. पुढे १९३० च्या दशकात नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने तो सायकलच्या हबमध्ये आणला. दोन्ही शू सारखं काम करत नाहीत. एकाला ड्रम स्वतःच ओढून घेतो आणि तो पाचरीसारखा अधिक घट्ट रुततो. दुसऱ्याला ड्रम मागे लोटतो.

आता जरा हिशेब. ९० मिलिमीटरच्या ड्रमची त्रिज्या ४५ मिलिमीटर, चाकाची साधारण ३३०. म्हणजे टायरला रस्त्यावर जेवढं बल लागतं, त्याच्या सातपटीहून अधिक बल ड्रमवर घासून निर्माण करावं लागतं. रिम ब्रेकला हा त्रास नाही, कारण तो चाकाच्या कडेलाच धरतो. त्यामुळे ड्रमच्या आत लायनर नीट टेकलेलं असणं फार महत्त्वाचं.

नवं लायनर तसं टेकत नाही. त्याचा गोलावा ड्रमशी तंतोतंत जुळत नसतो, मोजकेच उंचवटे लागतात. घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, असं शाळेत शिकवतात. मग बिघडतं कुठे? सगळी उष्णता त्या उंचवट्यांवर एकवटते. लायनरमधलं राळेसारखं बंधक तापून वर येतं, पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत होतो आणि पकड जाते. शिवाय मुरलेल्या ब्रेकमध्ये ड्रमवर लायनरचा पातळ थर चढलेला असतो, तो नव्यात अजून नसतो.

म्हणून लायनर ड्रमशी बसवण्यासाठी सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी १५-२० किलोमीटरच्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत सायकल आणायची. मूठ मध्यम दाबायची, चाक जाम करायचं नाही. असं वीस-तीस वेळा, मध्ये ड्रम निवू देत. पूर्ण ताकद त्यानंतरच्या काही दिवसांच्या रोजच्या वापरात येते. तोवर मागचा ब्रेक चोख असलाच पाहिजे.

एवढं करूनही लागत नसेल तर आधी शू मध्यावर आहेत का पाहा. ब्रेक प्लेटचा (शू जिच्यावर बसवलेले असतात त्या न फिरणाऱ्या चकतीचा) नट थोडा ढिला करा, मूठ जोरात दाबून धरा आणि तशीच धरून नट आवळा. दोन्ही शू ड्रमला टेकलेले असताना प्लेट आपोआप मध्यावर येते. बहुतेक तक्रारी इथेच मिटतात. ब्रेक दाबलेला असताना केबल आणि ती ओढते तो हबवरचा दांडा यांच्यात काटकोन हवा, नाहीतर जोर वाया जातो. किंचाळणारं, चकचकीत लायनर पॉलिश पेपरने हलकं घासावं. ग्रीस मुरलेलं असेल तर शू बदलणंच बरं. आतल्या भुकटीवर फुंकर मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये अॅसबेस्टॉस असू शकतं.

ब्रेक दाबताना 'टक्' असा आवाज आला तर तिथेच थांबा. ड्रम प्लेटला आपल्यासोबत फिरवू पाहतो आणि चिमट्याला बांधलेली पट्टी तिला अडवते. ९० किलोचा भार (सायकल आणि माणूस मिळून) जोरात थांबवताना, पट्टी १५ सेंटिमीटर लांब असेल तर तिच्या टोकावर साधारण ६० किलो वजनाइतका ताण येतो. तिचा स्क्रू ढिला असणं धोक्याचं आहे.

खुलताबादहून दौलताबादकडे घाट उतरताना दर १०० मीटर उंची उतरण्यामागे हाच ९० किलोचा भार सुमारे ८८ हजार ज्यूल ऊर्जा सोडतो. तेवढ्या ऊर्जेत पाव लिटर पाण्याला उकळी येते. काही ऊर्जा वाऱ्यात जाते, पण बरीचशी ड्रममध्ये. तापलेला ड्रम फुगतो, शूपासून लांब जातो आणि मूठ जास्त आत येते. अशा वेळी सावलीत थांबा, ड्रम निवू द्या, पाणी ओतू नका. आणि तिथे केबल ताणू नका. निवताना ड्रम आकसतो, आणि पायथ्याशी पोहोचेपर्यंत शू चाकाला धरून बसतात.