मर्सिया आणि रिवायत

मर्सिया म्हणजे शोकगीत, रूढ अर्थाने पैगंबरांचे नातू इमाम हुसेन यांच्या करबला (इराक) येथील हौतात्म्याचे (१० मोहरम, हिजरी ६१, इ. स. ६८०) गीत. मूळ अरबी धातूचा अर्थ ‘गेलेल्या माणसासाठी रडत त्याचे गुण सांगणे’. नौहा हे याच शोकाचे दुसरे गीत, तो शब्द मोठ्याने रडण्यावरून आला. मर्सियात रडण्यासोबत कथाही लागते. अरबीतला ‘थ’च्या जवळचा उच्चार फारसीत ‘स’ झाला आणि तेच रूप दख्खनी उर्दूत आले. विजापूरच्या आदिलशाहीत दख्खनी मर्सिया रुजला. लखनौची सहा ओळींच्या कडव्याची बांधणी पुष्कळ नंतरची, १९व्या शतकात स्थिरावलेली.

बेळगाव जिल्ह्यात सौंदत्ती, गोकाककडचे कन्नड मेळ या गाण्याला रिवायत म्हणतात. हा शब्द ‘ऐकलेले पुढे सांगणे’ या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला. ‘रिवाज’शी त्याचे नाते लावणे चूक, त्याचा धातू वेगळा, अर्थ ‘चलन’. आणि रिवायत खरोखरच सांगण्याची कला आहे. मुख्य गायक ओळ टाकतो, बाकीचे झील धरतात आणि अलाव्याभोवती, म्हणजे मोहरमच्या आगीच्या खड्ड्याभोवती, पावले टाकत फिरतात. या पावलांच्या मेळाला कन्नडमध्ये ‘हेज्जे मेळ’ म्हणतात. हेज्जे म्हणजे पाऊल. सौंदत्ती तालुक्यातल्या हिरेबिदनूरमध्ये मुस्लिम वस्ती नसतानाही गाव मोहरम पाळते.

गाणे बिघडते ते बहुधा लयीपायी. पावले चढत गेली की मुख्य गायकाचे शब्द हलगीखाली दबतात. मग कासिम (हुसेन यांचा पुतण्या) कोण, सकीना (त्यांची मुलगी) कशासाठी पाणी मागते, हे ऐकणाऱ्याला कळत नाही आणि शोकच हरवतो. ओळ पुरी होईपर्यंत हलगी दबकी ठेवावी, झील उठली की मोकळी सोडावी.

चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने मोहरम ऋतूंतून मागे सरकतो. दहावा दिवस २०२४ मध्ये १७ जुलैला, २०२५ मध्ये ६ जुलैला आला. पावसाळी हवेत हलगीचे कातडे सैल पडून आवाज बसतो. ते आचेपासून हातभर लांब, सतत फिरवत शेकावे. एकाच जागी धरले तर कातडे करपते, फार ताणले गेले तर कड्यापाशी फाटते. गार झाले की पुन्हा सैल होते, म्हणून कत्तलरात्रीला, म्हणजे दहाव्या दिवसाच्या आदल्या रात्री, दुसरी हलगी शेकून तयार ठेवावी.

दहाव्या दिवशी पंजे (हाताच्या आकाराची निशाणे) थंड करायला, म्हणजे विसर्जनाला, नेताना अलविदा गातात. त्यात कथा नसते, फक्त निरोप असतो. लयही संथ असते.