विद्युत-तापी नॅनोवस्त्र

विजेचा सौम्य प्रवाह सोडला की स्वतः तापणारे, पण हाताला साध्या कापडासारखेच लागणारे वस्त्र. सुती, लोकरी किंवा पॉलिस्टर कापडाच्या तंतूंवर चांदीच्या नॅनोतारा, कार्बन नॅनोनलिका (कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या), ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका जाड पत्रा) अशा विद्युतवाहक नॅनोद्रव्यांचा अतिशय पातळ थर चढवून ते तयार करतात.

तापण्यामागचे तत्त्व एकोणिसाव्या शतकातले आहे. वाहकातून विद्युतप्रवाह गेला की उष्णता निर्माण होते आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या व रोधाच्या (वाहक प्रवाहाला करतो त्या अडथळ्याच्या) प्रमाणात असते, हे इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी १८४० च्या दशकाच्या आरंभी दाखवले. जुन्या पद्धतीच्या तापणाऱ्या पांघरुणात याच तत्त्वावर धातूची तार नागमोडी शिवलेली असते. तारेवर चटका बसतो, दोन तारांमधली जागा मात्र गारच राहते; आणि सतत घडी घालून तार एका जागी तुटली की सगळे पांघरूण बंद पडते.

नॅनोद्रव्यांच्या थरात प्रवाहाला एकच वाट नसते, आणि या कापडाचे खरे बळ तेच आहे. चांदीची नॅनोतार साधारण शंभर नॅनोमीटरहून (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) कमी जाड आणि अनेक मायक्रोमीटर (मीटरचे दशलक्षावे भाग) लांब असते. अशा असंख्य तारा तंतूवर विस्कटलेल्या गवतासारख्या एकमेकींवर पडतात. त्यांची संख्या कमी असेपर्यंत कापडातून प्रवाह जवळजवळ जातच नाही. एक उंबरठा ओलांडला की मात्र सलग जाळे तयार होते आणि रोध झपाट्याने उतरतो. आकार बारीक आणि लांबट असल्यामुळे हे जाळे थोड्या द्रव्यातही जुळते. मग दहा-वीस तारा तुटल्या तरी प्रवाह बाजूने वळसा घेतो.

कार्बन नॅनोनलिकांकडे जगाचे लक्ष वेधले ते जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांच्या १९९१ मधील कामामुळे. ग्राफीन २००४ मध्ये वेगळे करण्यात आले, तर मॅक्सीन (धातूंच्या कार्बाइड-नायट्राइडांचे अतिपातळ पापुद्रे) या कुलातले पहिले द्रव्य २०११ मध्ये अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात तयार झाले. मॅक्सीन पाण्यात सहज पसरते, त्यामुळे कापड नुसते बुडवून रंगवता येते. पण दमट हवेत त्याचे ऑक्सिडीभवन होते आणि वाहकता घटत जाते. चांदी सर्वांत उत्तम वाहक, पण महाग, आणि गंधकयुक्त हवेत काळवंडणारी.

थर चढवण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे बुडवा आणि वाळवा. पांढरी सुती पट्टी नॅनोनलिकांच्या काळ्या द्रावात बुडवून काढली की पहिल्या खेपेला ती राखाडी दिसते. चार-सहा खेपांनी गडद काळी होते, आणि प्रत्येक खेपेला रोधमापकावरचा आकडा खाली येतो. कापसाच्या तंतूवरील हायड्रॉक्सिल गटांमुळे (ऑक्सिजन-हायड्रोजन अणूंच्या जोड्यांमुळे) थर बऱ्यापैकी धरून राहतो. पॉलिस्टरचा पृष्ठभाग आधी प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) किंवा रसायनाने तयार केला तर त्यावरही पकड सुधारते.

अशा कापडाचा रोध ‘ओहम प्रति चौरस’ या एककात, म्हणजे लहानमोठ्या कोणत्याही चौरस तुकड्याच्या समोरासमोरच्या कडांमधला रोध म्हणून, सांगतात, आणि इथे नवख्याची हमखास गफलत होते. ५ ओहम प्रति चौरस रोधाचा १० सेंमी बाजूचा तुकडा घेऊन समोरासमोरच्या कडांना ५ व्होल्ट जोडले, तर १ अँपिअर प्रवाह जातो आणि ५ वॅट उष्णता मिळते. बाजू २० सेंमी केली तरी रोध ५ ओहमच राहतो. उष्णता तेवढीच, पण चौपट क्षेत्रावर पसरलेली, म्हणून कापड फारसे तापत नाही. मोठ्या पाठीसाठी एकच सलग तुकडा घेण्याऐवजी छोटे पट्टे समांतर जोडतात ते यासाठीच. मग प्रश्न उरतो विजेचा: १० वॅटच्या जाकिटाला ३७ वॅट-तासांची बॅटरी पावणेचार तासही पुरत नाही.

वीज बंद असतानाही चांदीच्या जाळ्याचा उपयोग होतो. ते शरीरातून निघणारे अवरक्त प्रारण (डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण) परत अंगाकडे वळवते, पण घामाची वाफ त्याच्या छिद्रांतून बाहेर जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ च्या सुमारास नॅनोतारांच्या कापडात हे दोन्ही गुण एकत्र दाखवले. तापवण्याच्या नुसत्या शर्यतीपेक्षा ही दिशा अधिक मोलाची वाटते, कारण न गमावलेली उष्णता बॅटरीतून आणावी लागत नाही.

खरी कसोटी धुण्याची आहे. पाणी, साबण आणि पिळणे यांनी तारांमधले सांधे सुटतात. वरून पॉलियुरेथेन या लवचीक प्लास्टिकचा लेप दिला तर थर टिकतो, पण कापड जाड होते आणि हवा कमी खेळते. प्रवाहाच्या आडव्या दिशेने भेग पडली तर तिच्या दोन्ही टोकांशी प्रवाह दाटतो आणि तिथे गरम ठिपका उमटतो. तो बोटाला लागण्याआधी उष्णताचित्रकात (तापमानाचे चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात) दिसतो, म्हणून नमुना घड्या घालून झाल्यावर त्यातून पाहणे आवश्यक असते. त्वचेला सुमारे ४४ अंश सेल्सिअस तापमानही काही तास सलग राहिले तर भाजते, आणि झोपलेल्या किंवा संवेदना कमी झालेल्या माणसाला ते कळत नाही. त्यामुळे वस्त्रात तापमानमापक आणि आपोआप प्रवाह तोडणारी सोय लागतेच. धुताना सुटलेली चांदी सांडपाण्यात जाते आणि जलचरांना ती विषारी असते. लेप पक्का बसवण्याचे हेही एक कारण आहे.