वृश्चिकेतला सूर्याचा जुळा भाऊ

सूर्याचा अभ्यास करणाऱ्यांपुढे एक विचित्र अडचण असते. हा तारा इतका जवळ आणि इतका प्रखर आहे, की रात्रीच्या ताऱ्यांसाठी बांधलेल्या मोठ्या दुर्बिणी त्याच्याकडे वळवताच येत नाहीत. साहजिकच, एकाच उपकरणाने, एकाच रात्री सूर्य आणि दुसरा तारा मोजून त्यांची तुलना करायची सोय उरत नाही. यावर खगोलशास्त्रज्ञांनी काढलेला एक उपाय म्हणजे वेस्टा किंवा सेरेससारख्या लघुग्रहावरून परावर्तित होऊन आलेल्या सूर्यप्रकाशाचा वर्णपट, म्हणजे रंगांनुसार पसरवलेला प्रकाश, नोंदवणे. दुसरा उपाय अधिक सरळ आहे. रात्रीच्या आकाशात हुबेहूब सूर्यासारखा तारा सापडला, तर सूर्याच्या जागी तोच निरखता येईल.

असा तारा शोधणे मात्र सोपे नाही. आपला शेजारी अल्फा सेंटॉरी ‘ए’ हा सूर्याच्याच वर्णपटीय गटातला असून अवघ्या ४.३ प्रकाशवर्षांवर आहे. पण त्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे १.२ पट, तेजस्विता जवळजवळ दीडपट आणि शिवाय त्याला जोडीदार तारा आहे. त्याला सूर्याचा नातलग म्हणता येईल, जुळा नाही. तापमान, वस्तुमान, त्रिज्या आणि रासायनिक घडण या सगळ्याच बाबतींत मोजमापाच्या अचूकतेच्या मर्यादेत सूर्याशी जुळणारा, तोच खरा जुळा. फ्रान्समध्ये काम करणाऱ्या जूझा कायरेल द स्ट्रोबेल यांनी १९८० च्या दशकात ही कल्पना काटेकोरपणे मांडली आणि वर्षानुवर्षे एकेक उमेदवार तपासला.

१९९७ साली गुस्ताव्हो पोर्टो द मेलो आणि लिसिओ दा सिल्व्हा या ब्राझिलियन शास्त्रज्ञांनी ज्या ताऱ्याकडे लक्ष वेधले, तो १८ स्कॉर्पिआय. नावातला १८ हा आकडा जॉन फ्लॅमस्टीड यांच्या तारकासूचीवरून आला आहे. वृश्चिक राशीच्या उत्तर टोकाला, भुजंगधारी या तारकासमूहाच्या सीमेलगत, आपल्यापासून सुमारे ४६ प्रकाशवर्षांवर हा तारा एकटाच आहे. त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८२० केल्विन भरते, तर सूर्याचे ५,७७२ केल्विन. त्याच्यातले लोहाचे प्रमाण सूर्यापेक्षा किंचितच जास्त आहे.

त्याची त्रिज्या कशी मोजली, हे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. आकाशात या ताऱ्याचा व्यास एका विकलेच्या (अंशाच्या ३,६०० व्या भागाच्या) सुमारे दीड हजाराव्या भागाइतका भरतो. मुंबईत उभे राहून लंडनमधले रुपयाचे नाणे पाहावे, साधारण तितका. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर शेकडो मीटर अंतरावर मांडलेल्या दुर्बिणींतून येणारा प्रकाश एकत्र आणून त्याच्या व्यतिकरणावरून, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून उमटणाऱ्या आकृतीवरून, हा व्यास काढण्यात आला. त्याच सुमारास चिलीतल्या ला सिया वेधशाळेत या ताऱ्याच्या पृष्ठभागाचे काही मिनिटांच्या अंतराने होणारे आंदोलन नोंदवले गेले. घंटेच्या नादावरून तिची घडण ओळखावी, तशी या कंपनांवरून ताऱ्याची सरासरी घनता कळते. २०११ साली प्रसिद्ध झालेले उत्तर होते: त्रिज्या सूर्याच्या १.०१ पट, वस्तुमान १.०२ पट.

इतके साम्य असल्यामुळेच जिथे फरक दिसतो, तिथे तो बोलका ठरतो. वर्णपटाच्या लाल भागात, ६७०.८ नॅनोमीटरवर, लिथियम या मूलद्रव्याने प्रकाश शोषल्यामुळे उमटणारी एक काळी रेषा असते. सूर्याच्या वर्णपटात ती इतकी फिकट आहे, की शेजारच्या रेषांमधून तिला वेगळे काढावे लागते. १८ स्कॉर्पिआयमध्ये ती ठळक दिसते, कारण तिथे लिथियम सूर्याच्या तीन ते चार पट आहे. सुमारे २५ लाख अंश तापमानाला लिथियमचा नाश होतो, त्यामुळे पृष्ठभागावरचे लिथियम हळूहळू तळाच्या उष्ण थरांत उतरले, की ते संपत जाते. जन्माच्या वेळी सूर्यात असलेल्या लिथियमचा आज जेमतेम १६० वा भाग उरला आहे. मग सूर्यच वेगळा आहे का? २०१३ साली ८.२ अब्ज वर्षे वयाचा आणखी एक जुळा अभ्यासला गेला, तेव्हा त्याच्यात लिथियम सूर्यापेक्षाही कमी आढळले. त्याच अभ्यासात १८ स्कॉर्पिआयचे वय २.९ अब्ज वर्षे धरले होते, आणि ४.६ अब्ज वर्षांचा सूर्य या दोघांच्या बरोबर मधे बसला. १८ स्कॉर्पिआयचे वय पुढच्या काही अभ्यासांत बरेच जास्त आले आहे, हे खरे. तरीही लिथियम वयानुसार घटते ही मांडणी मला पटण्याजोगी वाटते.

दुसरा फरक डागांच्या चक्राचा. सूर्यावरील डाग त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे पडतात, आणि ते सुमारे ११ वर्षांच्या चक्राने वाढतात आणि ओसरतात. १८ स्कॉर्पिआयचे चुंबकीय चक्र सुमारे सात वर्षांचे आहे. तो स्वतःभोवती २३ दिवसांच्या आत फिरतो, सूर्यापेक्षा थोडा लवकर, आणि छोट्या चक्राचे मूळ कदाचित या वेगात असावे. चुंबकीय चक्राची लांबी नेमकी कशाने ठरते, हा प्रश्न केवळ सूर्याकडे पाहून सुटणारा नाही, आणि म्हणूनच या जुळ्याची किंमत मोठी आहे.

त्याच्याभोवती गुरूसारखा मोठा ग्रह अद्याप सापडलेला नाही. सुमारे २० दिवसांत प्रदक्षिणा घालणारा, पृथ्वीच्या किमान सहा-सात पट वस्तुमानाचा एक संभाव्य ग्रह २०२३ साली सुचवला गेला.

महाराष्ट्रातून हा तारा मे महिन्याच्या अखेरीस मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेकडे, क्षितिजापासून ६० अंशांहून अधिक उंचीवर येतो. त्याची प्रत (तेजस्वीपणाचे माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद) ५.५ असल्याने शहरातून तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. गावाबाहेरच्या काळ्याभोर आकाशात द्विनेत्रीतून मात्र सहज सापडतो. भुजंगधारीतले डेल्टा आणि एप्सिलॉन हे जवळजवळचे दोन तारे धरावेत आणि तिथून दक्षिणेला चार-पाच अंश खाली यावे. त्या ताऱ्याजवळून कोणी आपल्याकडे पाहिले, तर आपला सूर्यही त्याला जवळजवळ तितकाच मंद दिसेल, रोहिणीपासून सहा अंशांच्या आत.