गोठ्याचा वास आणि युरियाचं पोतं

पावसाळ्यात सकाळी गोठा झाडताना नाकाला झोंबतो तो अमोनिया. जनावराच्या मुतात युरिया असतो. जिवाणूंकडचं युरिएज नावाचं विकर तो फोडतं आणि अमोनिया मोकळा होतो. कपाशीत युरिया फोकल्यावरही हेच होतं, पण मोकळ्या रानात वारा वास टिकू देत नाही, म्हणून कळत नाही.

४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन), म्हणजे २०.७ किलो. हवामान बदलाच्या जागतिक हिशेबात युरियातला साधारण १५ टक्के नत्र वायुरूपाने उडतो असं धरतात. पोत्यामागे तीन किलो! आपली काळी चिकण माती अमोनियम, म्हणजे अमोनियाचं ओल्या मातीतलं रूप, धरून ठेवते खरी, पण ती चुनखडीची. सामू (pH) बहुतेक ठिकाणी ७.५ ते ८.५, म्हणजे अल्कधर्मी. अशा मातीत अमोनियमचा अमोनिया वायू सहज होतो. त्यात भुरभुर पावसाने रान वरवर ओलं झालं, युरिया विरघळला पण खाली मुरला नाही, आणि दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडून वारा सुटला, तर नुकसान सगळ्यात जास्त. मराठवाड्यात पावसाच्या खंडाआधी हे नेहमीच घडतं.

उडालेला अमोनिया हवेत एकटा राहत नाही. गाड्यांच्या धुरातून नायट्रोजनची ऑक्साइडं येतात, कोळशावरच्या वीज केंद्रांतून गंधकाचा वायू. परळीला असं केंद्र आहेच. त्यांची हवेत आम्लं होतात आणि अमोनियाशी मिळून अतिसूक्ष्म क्षार बनतात. २.५ मायक्रॉनहून बारीक असे हे कण थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. धुरकटात शेताचाही वाटा असतो तो असा.

रानात पाणी तुंबलं की दुसरीच गोष्ट. जिवाणू मातीतल्या अमोनियमचं नायट्रेट बनवतात; हवा न मिळालेले जिवाणू मग हे नायट्रेट वापरून श्वास घेतात आणि नायट्रस ऑक्साइड सोडतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो, शिवाय वरच्या ओझोन थरालाही झिजवतो. २०१५ पासून सक्तीचं झालेलं निंबोळी तेलाचं आवरण नायट्रेट बनण्याचा वेग कमी करतं, म्हणून इथे उपयोगी पडतं. उघड्यावर टाकलेल्या युरियाचा अमोनिया मात्र त्याने अडत नाही. तो अडतो मातीने. वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, खत देऊन लगेच कोळपं फिरवायचं, कपाशीला बांगडी पद्धतीने, म्हणजे झाडाभोवती गोल, देऊन झाकायचं, उसाला पहारीने भोक पाडून द्यायचं, ठिबक असेल तर थोडं थोडं सोडायचं. मजुरी लागते, हे मान्य. पण उडणारा नत्रही आपल्याच पैशाचा आहे.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते सोयाबीनवरच्या युरियाचं. पानं पिवळी दिसली की पोतं फोडलं जातं. चुनखडीच्या रानात, विशेषतः ओल जास्त झाल्यावर, कोवळी पानं पिवळी पडून शिरा हिरव्याच राहिल्या, तर बहुतेकदा ती लोहाची कमतरता असते. लोहाची भूक नत्राने भागत नाही. उलट आयता नत्र मिळाला की मुळांवर गाठी कमी धरतात, आणि हवेतला नत्र फुकट बांधून देणाऱ्या त्या गाठीच तर होत्या.